राक्षसिणीची चूल

माझं नाव इथे लिहीत नाही. मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांत ते पुरेशा पाट्यांवर आहे. ज्याला वाचायचं असेल त्याने तिथे जाऊन वाचावं. शाळेच्या रंगमंचावर आहे, भजनी मंडळांच्या पेट्यांवर आहे. एका गावच्या नाटकाच्या पडद्यावर तर खालच्या कोपऱ्यात ते इतकं ठसठशीत आहे की नायिका मरत असताना पुढच्या रांगेतली मंडळी माझंच नाव वाचत होती. दान गुप्त असावं, असं मला बरेच जण सुनावतात. सुनावणाऱ्यांपैकी कोणी कधी एखाद्या मंडळाला तबला घेऊन दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी देते आणि पाटी लावते. पाटी बघून दुसऱ्या एखाद्या शेठच्या पोटात दुखतं आणि तो शेजारच्या गावाला ढोलकी देतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

धंदा जमिनीचा. माहेर भातशेतीचं, सासर किराणा दुकानाचं. दुकानात बसता बसता कोणाला जमीन विकायची आहे, कोणाला घ्यायची आहे, हे सगळं साखर-चहापत्तीबरोबर कानावर पडायचं. त्यांच्या गाठी घालून देता देता एक दिवस मीच गिऱ्हाईक झाले. आता मुरबाडपासून खर्डीपर्यंत जमिनी घेते, प्लॉट पाडते, वाशिंदला इमारती बांधणाऱ्यांबरोबर भागीदारी करते. नवरा अजून दुकानातच बसतो. मी गाडीतून उतरले की समोरच्या गिऱ्हाइकांना म्हणतो, "सरका, बिल्डरीणबाई आल्या." त्याच्या दुकानावर मात्र पाटी त्याच्या आईच्या नावाची आहे. ती बदलायला तो तयार नाही आणि मीही कधी सुचवलेलं नाही.

जमीन घेण्याआधी तिच्यावर बसून जेवायचं, हा माझा नियम. मोजणी, नकाशा, वकील हे सगळं होतच असतं. पण भर दुपारी डबा घेऊन एकटीने तिथे जायचं, झाड असेल तर झाडाखाली, नसेल तर छत्री उघडून बसायचं आणि सावकाश जेवायचं. तेवढ्या वेळात जमीन बरंच काही सांगून टाकते. वारा कुठून येतो ते कळतं. कोणाची गुरं कुठून कुठे जातात, म्हणजे पुढे वाटेवरून कोणाशी वाजणार, ते कळतं. शेजारी भांडखोर असेल तर पहिल्या घासालाच हजर होतो. माझे भागीदार या नियमाला हसतात आणि उन्हात माझ्याबरोबर यायचं टाळतात.

खर्डीच्या आतल्या एका लहानशा गावात मी अशीच जेवायला बसले होते. रस्त्याला लागून जागा, कडेला जांभळाचं मोठं झाड, आणि झाडाच्या अलीकडे मालकांचं कुडाच्या भिंतींचं घर. आमच्यासारखंच भातशेतीवालं कुटुंब. डब्याचं झाकण उघडतेय तोच दारातून एक म्हातारी बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"आमचे दारात बसून थंडं खातेस काय गो?" ती म्हणाली. "ऊठ. आत ये."

मी व्यवहाराला आलेली बाई आहे, असं सांगायला लागले, तर ती केव्हाच आत वळली होती. गेले. आत गारवा होता आणि धूर होता. तिने चुलीवरची तांदळाची भाकरी ताटात टाकली, सुक्या जवळ्याची चटणी वाढली आणि समोर बसली. जेवता जेवता मी सहज वर पाहिलं. चुलीच्या बरोबर वर, माळ्याच्या वाशाला बांधलेला एक काळाकुट्ट चेहरा डोळे वटारून माझ्याकडे बघत होता. सुळे बाहेर, जीभ लोंबलेली. माझ्या हातातला घास पडला.

म्हातारी हसून हसून खोकायला लागली. "ती काय खात नाय तुला," ती म्हणाली. "माजी सासू हाय समज. या घरात आले तवापून वरनं बगतेय, भाकर करपली का नाय."

तो बोहाड्याचा मुखवटा होता. आमच्या या भागात होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची, जनावरांची लाकडी सोंगं तोंडावर चढवून माणसं देवळासमोर नाचतात. कुठलं सोंग कोणत्या घराचं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. या घराकडे राक्षसीण. बाकीची सगळी सोंगं रात्रीतून निघतात आणि ही शेवटी, चांगलं उजाडल्यावर. म्हातारीचा नवरा होता तोवर त्याने नाचवली, त्याच्यामागे मुलगा नाचवतो. पण सोंग घरातून निघताना उंबऱ्यात उभं राहून त्याला ओवाळायचं ते घरातल्या बाईने. ती दिवा ओवाळत नाही तोवर राक्षसिणीने पाऊल उचलायचं नाही. म्हातारी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून ओवाळत होती. नवरा गेल्यावर कोणी तरी कुजबुजलं म्हणे, की विधवेने ओवाळावं का. तिने विचारलं, "राक्षसीन कोनाची सवाशीन हाय?" तो विषय तिथेच मिटला.

ती जागा मी घेतली. मुलगा वाशिंदच्या कारखान्यात कामाला होता, रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळला होता आणि त्याला तिथेच फ्लॅट हवा होता. आमच्याच इमारतीतला फ्लॅट त्याला दिला. घर जुनं झालं होतं, ते त्याने आपल्या हाताने उतरवलं, वासे-कौलं विकली आणि आई-बायकोला घेऊन वाशिंदला गेला. विकणाराही खूश आणि घेणारीही खूश, असा व्यवहार आमच्या धंद्यात रोज होत नाही. मी कितीतरी दिवस त्याचं उदाहरण लोकांना देत होते.

राहता राहिली राक्षसीण. फ्लॅटमध्ये गॅसच्या वर तिला टांगायला सुनेने साफ नकार दिला, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सकाळी चहा करताना डोक्यावर ते तोंड कोणाला हवंय? म्हातारीने मला फोन केला. मुखवटा कुठे ठेवू, एवढंच विचारत होती, पण माझ्या डोक्यात लगेच इमारत उभी राहिली. असंच होतं माझं. कोणी पाणी मागितलं तर मी विहीर खणायला काढते.

त्यांच्या घराचं जोतं ज्या तुकड्यावर होतं तो मी विकायचा नाही, असं आधीच ठरवलं होतं, जांभळासाठी. तिथे मी गावच्या सोंगांसाठी एक दालन बांधलं. सोंगघर असं नाव दिलं. खाली तकतकीत टाइल्स, त्या निवडायला मी स्वतः गुजरातला गेले होते. वर पांढरंशुभ्र छत, भिंतीला लागून काचेची कपाटं, कपाटांत आतून दिवे. मागे राखणदारासाठी खोली आणि मोरी. दारावर पाटी. उद्घाटनाला मुंबईहून कलेतली जाणकार मंडळी आली, काचेवरून हात फिरवून गेली. गावातल्या कर्त्या माणसांनी सगळं नीट पाहिलं, पेढे खाल्ले, आणि त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर, ज्याच्या शब्दावर बोहाडा ठरतो, तो म्हणाला, "झ्याक हाय. आदी ही राक्षसीन ऱ्हाऊ द्या वरीसभर. तिला मानवलं तं मंग आमचं देव देऊ."

इतक्या कपाटांत मिळून एक राक्षसीण, अशी आमच्या सोंगघराची सुरुवात झाली. मला राग आला होता, पण मनात म्हटलं, हरकत नाही, जमिनीच्या व्यवहारात मी याहून चिवट माणसं पाहिलीत.

पावसाळा सरल्यावर, भातं कापणीला आली तेव्हा मी एकदा तिकडे गेले. कपाटाचा दिवा लावला. राक्षसिणीच्या हनुवटीखाली काचेच्या फळीवर बारीक पिवळसर पीठ सांडलं होतं. वर पाहिलं तर गालावर, कपाळावर, सुळ्यांच्या मुळाशी टाचणीने टोचावीत तशी भोकं. बोट लावलं तर कानाजवळचा एक टवका हातात आला.

मी तिथेच टाइल्सवर बसले. माझ्या आईचं काकडी-भोपळ्याचं बियाणं चुलीवरच्या माळ्यावर असायचं. सुपं, टोपल्या, इरली, सगळं तिथे. धुरात राहिलेल्या वस्तूला कीड शिवत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा. हलका म्हणून माणसाला सोसतो आणि मऊ म्हणून किड्यालाही सोसतो. इतकी वर्षं तो चुलीवर होता म्हणून शाबूत होता. आणि मी त्याला धुवून-पुसून, काचेत घालून, वर दिवा लावला होता. टाइल्सचा रंग ठरवायला मी आठवडे घातले होते आणि चुलीचा विचार क्षणभरही केला नव्हता. अशी चूक धंद्यातली माणसंच करू शकतात.

मुलगा सुट्टी काढून म्हातारीला घेऊन आला. तिने मुखवटा मांडीवर घेतला, बोटाने ठोकून कान लावला, पदराने भोकांतलं पीठ पुसलं. मी शिव्या खायच्या तयारीत उभी होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुदमरली गो काचत," एवढंच ती म्हणाली.

मग माझ्यासारखी माणसं जे करतात ते मी केलं, मुंबईहून तज्ज्ञ बोलावला. त्याने हातमोजे घालून मुखवटा पाहिला आणि सांगितलं की औषध टोचून कीड मारता येईल, पण त्यानंतर तो कोणी तोंडाला लावायचा नाही, फक्त बघायचा. हे मी देवळातल्या सभेत गावाला सांगितल्यावर तो वयस्कर माणूस म्हणाला, "बगायला देवळात मूर्ती हाय की." मग त्याने गावाची रीत सांगितली. भोकं सुतार बुजवील. पण सोंग ज्या घराचं त्या घरात चूल पेटती पाहिजे, आणि सोंग त्याच घराच्या उंबऱ्यातून निघालं पाहिजे. घर नसेल, चूल नसेल, तर सोंग बसवायचं. बसवायचं म्हणजे देवळात देवाच्या मागच्या अंगाला कायमचं ठेवून द्यायचं. एकदा बसवलेलं सोंग पुन्हा कधी निघत नाही. अशी दोन-चार सोंगं त्या अंधारात आधीच बसलेली होती. कोणाचं घर मुंबईला गेलं, कोणाचं संपलं.

"होळीपतूर बगू," तो म्हणाला. "नायतर बसवू."

देवळाच्या पायऱ्या उतरताना म्हातारीने माझा दंड धरला होता. खाली आल्यावर मला म्हणाली, "ती बसली का मी कोनाला ओवाळू गो?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. तोवर मला माझ्या दालनाचं काय होणार याची काळजी होती. त्या दिवसापासून तिच्या दिव्याची लागली.

काही दिवसांनी सुतार मुखवटा बघायला यायचा होता, म्हणून आम्ही दोघी सोंगघरात त्याची वाट बघत बसलो होतो. दुपार झाली, तो काही आला नाही. मी डबा उघडला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दालन बांधल्यापासून मी तिथे एकदाही जेवले नव्हते.

"थंडं खातेस?" म्हातारी म्हणाली.

"मावशी, इथे कुठे गरम करणार? राहू दे."

ती उठून बाहेर गेली. येताना बांधकामातून उरलेल्या तीन विटा कवेत घेऊन आली. त्या तिने दालनाच्या मधोमध, माझ्या गुजरातच्या टाइल्सवर मांडल्या. पुन्हा बाहेर जाऊन जांभळाच्या काटक्या आणि पालापाचोळा आणला. मी म्हणत होते, "मावशी, बाहेर, बाहेर पेटव, अगो फरशी खराब होईल," पण तिला त्या वेळी ऐकू येत नव्हतं. एरवी तिला पलीकडच्या आळीतलं भांडण ऐकू येतं. काडी लागली, जाळ झाला, आणि जरा वेळाने बार उडाल्यासारखा आवाज होऊन टाइल उभी चिरली.

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. ती टाइल कुठून आणली, कशी आणली, तिच्यावर चप्पल घालून कोणाला येऊ देत नव्हते, सगळं ओरडले. म्हातारी शांतपणे माझ्या डब्यातली भाकरी निखाऱ्यावर धरून उलटत होती.

"आता फुटलीच हाय," ती म्हणाली, "तं भाकर तरी नीट होऊ दे."

धूर सरळ वर गेला आणि पांढऱ्या छताला लागून पसरला. मी डोळे चोळत खिडकीकडे तोंड केलं. खिडकीतून जांभळाचं झाड दिसत होतं, त्याची एक फांदी डावीकडे खाली वाकलेली. हे मी आधी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी तिच्या चुलीपुढे जेवायला बसले होते तेव्हा दारातून झाड अगदी असंच दिसलं होतं. तिने विटा कुठेही मांडल्या नव्हत्या. तिची चूल होती तिथेच मांडल्या होत्या.

मला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांतलं पाणी धुराचं की हसण्याचं ते कळेना. ती गरम भाकरी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली. खाता खाता मी ठेकेदाराला फोन लावला आणि फरशी फोडायला माणसं पाठव म्हटलं. त्याला वाटलं लाइन खराब आहे. तीनदा सांगावं लागलं.

फरशी फोडली. त्या जागेवरचं छत काढून वर कौलं घातली, धुराला वाट ठेवली. चूल म्हातारीने स्वतः शेतातल्या मातीची घातली, मला हातसुद्धा लावू दिला नाही. मग प्रश्न आला की ती रोज पेटवणार कोण. नुसता धूर करायला माणूस ठेवता येतो, पण तो उदबत्तीसारखा धूर. ज्या चुलीवर कोणी जेवण करत नाही ती किती दिवस चालणार? म्हातारीने त्यावर चर्चा होऊच दिली नाही. वाशिंदहून तिने आपलं गाठोडं आणलं आणि मागच्या खोलीत टाकलं.

मुलगा रागावून आला. "आई सोंगघरात ऱ्हाते म्हटल्यावर लोक मला काय म्हनतील? आमी तिला बगत नाय का?"

"लोकांना हितं जेवायला बोलव," म्हातारी म्हणाली. "मी रांदते. मंग नाय काय म्हननार."

तो थोडा वेळ धुसफुसला आणि मग चुलीजवळ बसला. पुढच्या सुट्टीला बायकोलाही घेऊन आला. सून मला हळूच म्हणाली, "फ्लॅटमदे अशी चव नाय लागत ओ ताय." मी म्हटलं, "फ्लॅट मीच विकलाय गो, मला नको सांगूस."

सुताराने भोकं बुजवली, कानाचा टवका बसवला. राक्षसीण पुन्हा चुलीच्या वर टांगली गेली, काळी पडायला लागली. माझी काचेची कपाटं म्हातारीने ताब्यात घेतली. त्यांत तिचे मसाल्याचे डबे, वाल, सुकी मासळी, आणि वरून कपाटातले दिवे चालू. हळदीच्या डब्यावर इतका सुंदर उजेड मी कुठे पाहिलेला नाही. मुंबईची मंडळी पुन्हा आली तेव्हा एक बाई बराच वेळ सुक्या बोंबलांच्या कपाटासमोर विचारमग्न उभ्या होत्या.

होळीच्या सुमाराला गावातली कर्ती माणसं चूल बघायला आली. म्हातारीने सगळ्यांना जेवायला बसवलं. जेवण झालं, पान-तंबाखू झाली. वयस्कर माणूस उठला, मुखवट्याच्या गालावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली काजळी बाकीच्यांना दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं. मग तो दाराकडे गेला, बाहेर डोकं काढून वर पाहिलं आणि परत आला.

"चूल म्हातारीची," तो म्हणाला, "पन घर कोनाचं? पाटी तं शेठानीची हाय. ज्याच्या दारातनं निघतंय त्याचं सोंग. म्हंजे राक्षसीन आता शेठानीच्या घरची झाली. आमची ना नाय. शेठानीनं ओवाळावं."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. इतक्या पेट्या दिल्या, पडदे दिले, रंगमंच बांधले, पण कुठल्या गावाने मला आपलं सोंग दिलं नव्हतं. हे दिलं तर माझ्यामागे माझ्या सुनेचं, तिच्यामागे नातसुनेचं. कुठलीही पाटी इतके दिवस टिकत नाही. एका क्षणात मी ओवाळायला कुठलं लुगडं नेसायचं इथपर्यंत जाऊन आले.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. म्हातारी चुलीपुढे पाठमोरी बसली होती. तव्यावरची भाकरी काळी पडत चालली होती आणि तिचा हात उलथण्यावर तसाच थांबला होता. त्या बाईने कधी भाकरी करपवलेली मी पाहिली नव्हती. वरून सासू बघत असताना तर नाहीच.

"घर मावशीचं आहे," मी म्हटलं.

"पन पाटी..."

"पाटी उतरवते."

उतरवली. तिथल्या तिथे स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि स्वतः स्टुलावर चढले. भिंतीवर स्क्रूंची भोकं राहिली, ती अजून आहेत. पाटी गाडीच्या डिकीत टाकताना मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. मग शहापूरला जाऊन ते दालन आणि त्याखालची जमीन रीतसर म्हातारीच्या नावावर केली. घेतलेली जमीन मी त्याआधी कधी परत केली नव्हती. वकिलाने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. भागीदार आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलत होते. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो गूळ फोडत होता. "बिल्डरीणबाई उलटा व्यवहार शिकल्या की काय?" म्हणाला, आणि गुळाचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. दुकानात उधळपट्टी त्याला खपत नाही, म्हणून तो खडा मला फार मोठा वाटला.

बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी देवळासमोर माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती, पुढच्या रांगेत, पांढऱ्या कापडाची. मी तिथे गेले नाही. म्हातारीच्या दाराशी, जांभळाखाली, बाकीच्या बायकांत उभी राहिले. ऊन झाडाच्या शेंड्याला लागलं होतं. आत संबळ वाजायला लागला.

मुलगा लुगडं नेसला होता, अंबाडीचे केस मोकळे सोडले होते आणि तोंडावर ती. धुराने चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. कुठे बुजवलंय ते मला माहीत असूनही दिसलं नाही. राक्षसीण उंबऱ्याच्या आत येऊन थांबली, अंग घुसळत, पण पाऊल बाहेर न टाकता. समोर म्हातारी नवं लुगडं नेसून ताट घेऊन उभी. तिने सावकाश दिवा ओवाळला, कुंकू लावलं, मुखवट्याच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मग बाजूला झाली. मी पदराने डोळे पुसले. शेजारच्या बाईने विचारलं, "धूर लागला काय ओ?" मी हो म्हटलं.

आता राक्षसिणीची रीत अशी, की घरच्या माणसांना ती काही करत नाही. उंबरा ओलांडला की दारात जे परकं माणूस आधी दिसेल त्याच्या अंगावर धावून जाते. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी तिथे आरामात उभी होते, कारण त्या जागेत आपण परक्या आहोत हे अजून माझ्या अंगवळणी पडलं नव्हतं. तिने उंबऱ्याबाहेर उडी घेतली, मान वळवली, मला पाहिलं आणि दोन्ही हात पसरून सुटली.

मी किंचाळले. जे तोंड मी स्वतःच्या हातांनी धुवून-पुसून काचेत ठेवलं होतं ते अंगावर येताना बघून किंचाळले आणि पळाले. जांभळाला वळसा घातला, एक चप्पल तिथेच राहिली. आख्खं गाव हसत होतं. म्हातारी दाराच्या चौकटीला धरून, ताट एका हातात तिरपं करून, खोकला येईस्तोवर हसत होती. मग संबळाच्या मागे राक्षसीण देवळाकडे गेली आणि तिच्यामागे सगळी माणसं गेली.

मी धापा टाकत चप्पल शोधायला परत आले. म्हातारी उंबऱ्यात उभीच होती. मागे चूल पेटलेली होती.

"उनाची काय फिरतेस गो? डबा आनलास का थंडा?" ती म्हणाली. "टाक तो. आत ये, भाकर टाकलीय."

मी दुसरी चप्पलही काढली आणि तिच्या घरात गेले.